खांबामागचा उजेड

अकोल्याच्या कमलाकांतला एकच फोटो हवा होता, आणि तो काढायला त्याच्याजवळ फ्लॅशचा बल्बही एकच होता. मुंबईहून आणवलेला, एकदा लख्ख पेटला की कायमचा कामातून जाणारा. अमरावतीच्या हौशी छायाचित्रकारांनी प्रदर्शन भरवायचं ठरवलं होतं आणि फोटो कलेचा हवा अशी अट होती. कमलाकांतच्या फोटोच्या दुकानात गुडघ्यावर हात ठेवून बसलेल्या नवरदेवांचे फोटो ढीगभर होते, पण कला त्याला दिसली होती ती कीर्तनात. बुवांमध्ये नव्हे, बुवांसमोर बसलेल्या माणसांत. कीर्तन रंगलं की ही रोजचीच माणसं अशी काही उजळत, की ओळख पटू नये.

"कीर्तनात बुवाईकडे पाठ करून बसतं का कोणी?" आई, अनसूयाबाई, त्याला नेहमी टोकायच्या.

"कानानं आयकून राह्यलो ना, माय."

"आन् डोळ्यानं?"

"डोळ्यानं तुमाले पाह्यतो."

"आमाले काय पाह्यतं, बाप्पा! आमी काय देव आहो?"

नरसिंह जयंतीला देवरावबुवांचं कीर्तन ठरलं, तेव्हा कमलाकांतने बेत रचला. आख्यान प्रल्हादाचं. बरोबर दिवेलागणीला बुवा सभामंडपातल्या मधल्या लाकडी खांबाकडे हात करणार, 'कडाड्' म्हणणार, आणि सगळे श्रोते त्या खांबाकडे बघणार. मग फोटो घ्यायला खांबासारखी जागा कुठली? चांगला जाडजूड खांब, मागे माणूस सहज लपेल. लोक कसे बघतील याचा त्याने बारीक विचार केला. त्यांना काय दिसेल, हा विचार तेवढा राहून गेला.

बुवा त्या दिवशी भलतेच रंगले. हिरण्यकश्यपूने विचारलं, "कुठं आहे तुझा देव? या खांबात आहे?" प्रल्हाद म्हणाला, "आहे." मंडपात पानही हलेना. बुवा गरजले, "कडाड्!" आणि खांबामागून डोळे दिपवणारा पांढरा उजेड फुटला.

मृदंगवाल्याची थाप चुकली. मग देवळाचे पंच खुशालराव, अंगाने चांगले भारी, आडवे झाले ते थेट दंडवतात. "आले! नरसिंहदेव आले!" बायका रडू लागल्या. आणि देवरावबुवा? जन्मभर हे आख्यान सांगितलेला माणूस, पण देवाने अशी हाकेला ओ कधी दिली नव्हती. ते पुढचं पद साफ विसरले.

कमलाकांतने बाहेर येऊन सांगायला तोंड उघडलं, तोच कुणीतरी ओरडलं, "प्रदक्षिणा घाला रे खांबाले!" झालं. अख्खा मंडप उठला. माणसं उजवीकडून येऊ लागली तसा हा डावीकडे सरकला, ती तिकडे आली तसा आणखी पुढे. मागचे जवळ येत गेले, हा पुढे पळत गेला. पाहता पाहता तो प्रदक्षिणेचा म्होरक्या झाला. मागून खुशालराव कौतुकाने म्हणाले, "पाहा, पाहा! तरणा पोट्टा, पण भक्ती पाहा केवढी!" कमलाकांतने सदऱ्याखाली कॅमेरा दाबून धरला आणि आणखी जोरात नामघोष केला.

फोटो धुतला तेव्हा अख्ख्या मंडपाचे उजळलेले चेहरे त्यात उतरले होते. असा फोटो त्याच्या हातून पुन्हा होणं नव्हतं. पण तो अमरावतीला टांगला, तर बघणारा विचारणारच की उजेड कुठून आला. बुवांचं हसं होईल. आणि न टांगावा, तर ते चेहरे पेटीत मरतील. रात्रभर तळमळून सकाळी तो खुशालरावांच्या घरी गेला. बुवा तिथेच उतरले होते. त्याने फोटो पुढे ठेवला आणि सगळं सांगून टाकलं.

खुशालराव भडकले. "म्हंजे मी तुह्या बल्बाले दंडवत घातला? लेका, देवाच्या जागी तू उभा राह्यला!"

"चुकलं, काका. तुमी म्हणान तर आत्ताच फाडून टाकतो."

बुवा उठले. फोटो खिडकीशी नेऊन एकेक चेहरा बघत राहिले. मग म्हणाले, "खुशालराव, हे कोण हो?"

"मी. काहून?"

"बायको वारल्यापासून तुमी असे हसले होते काय कधी?"

खुशालरावांनी फोटो हातात घेतला. उपरण्याने नाक पुसलं.

"उजेड खोटा असता," बुवा म्हणाले, "तर इतके खरे चेहरे आले असते काय? बल्ब पोराचा. पण तो कोणाच्या नावानं पेटला? ने रे, बाबू. आमीबी येतो संग. कोणी विचारलं, तर मीच सांगीन."

अमरावतीला प्रदर्शनाच्या दिवाणखान्यात आठवड्याने ही सगळी मंडळी फोटोखाली उभी राहिली. अनसूयाबाईंनी चपला दाराबाहेर काढल्या होत्या. चष्मेवाले परीक्षक पेन्सिल घेऊन फोटोसमोर थबकले. "छाया-प्रकाश उत्तम," ते म्हणाले. "पण हे लोक बघताहेत कशाकडे? ते चित्रात नाही. हा दोष धरावा लागेल."

कमलाकांत पुढे झाला. "साहेब, खरं म्हंजे त्या खांबामागं..."

"थांब," बुवांनी त्याला बाजूला सारलं. "असं कोरडं सांगून समजत नसते. साहेब, बसा."

"इथं?"

"कीर्तन उभ्यानं आयकता काय?"

परीक्षक सतरंजीवर बसले. बाकीचे प्रेक्षकही जमले. बुवांनी नुसत्या टाळ्यांवर आख्यान धरलं. प्रल्हादाला कड्यावरून लोटलं, विष पाजलं. हिरण्यकश्यपूने विचारलं, "या खांबात आहे?" बुवांनी दिवाणखान्याच्या भिंतीकडे हात केला आणि गरजले, "कडाड्!"

कमलाकांतने मागे वळून पाहिलं. चष्मा नाकावर घसरलेला, पेन्सिल हवेतच, तोंड लहान मुलासारखं उघडं: परीक्षकांचा असा चेहरा त्यांच्या बायकोनेही पाहिला नसेल. शेजारी शेठ, वकील, कॉलेजची पोरं, सगळे तसेच उजळलेले. भिंतीवरच्या फोटोहून सवाई फोटो.

त्याचे हात सवयीने छातीशी गेले. तिथे कॅमेरा नव्हता, तो अकोल्याला दुकानात कुलपात होता. मग हात गेलेच आहेत, तर त्याने ते जोडून टाकले.