मिनिटाला पाच फेऱ्या कमी

पुतळा तिसऱ्यांदा मेला तेव्हा कुणी हसलं नाही. पहिल्या दोन वेळा हसून झालं होतं.

पोहण्याच्या तलावाच्या वरच्या मजल्यावर, सतरंजीवर, कमरेपर्यंतचाच एक रबरी पुतळा उताणा पडला होता आणि त्याच्यावर ओणवे होऊन काका त्याची छाती दाबत होते. काका म्हणजे तलावावरचे जीवरक्षक. एकतीस वर्षांत त्यांनी चौदा माणसं, एक कुत्रा आणि तीनदा व्यवस्थापकांचा चष्मा पाण्यातून वर काढला होता. चौदाही माणसं ठणठणीत होती. त्यातली दोन तर अजून रोज पोहायला येत. पुतळा मात्र काकांच्या हाताखाली जगायला तयार नव्हता. त्याच्या खांद्यावर एक दिवा होता. छाती मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबली तर तो हिरवा लागे. त्याहून हळू किंवा जलद झालं की लाल.

"चौऱ्याण्णव," नर्सबाई यंत्राकडे पाहत म्हणाल्या. छाती दाबून बुडालेल्याचं बंद पडलेलं हृदय कसं चालतं ठेवायचं, ते शिकवायला त्या महिनाभर तलावावर येत होत्या. "काका, मी दिलेलं एकशेदहाच्या वेगाचं गाणं मनात म्हणताय ना? ठोक्याला एक दाब."

"एक मात्रा सोडली नाही."

"तरुणांना मी हल्लीचं गाणं देते. तुम्हाला खास तुमच्या आवडीचं, साठच्या दशकातलं दिलं. ते नावाड्याचं. आख्ख्या गावाला येतं."

"मलाही येतं. घरी तबकडी आहे. आठवड्यातून चारदा वाजते."

"मग मोठ्यानं म्हणा बघू."

काकांनी मोठ्यानं म्हटलं. आवाज बरा होता, सूर जागेवर होता. दोन ओळी झाल्यावर मागून त्यांच्या जोडीदारानं, ज्याला सगळे 'बांबू' म्हणत, हळूच विचारलं, "काका, नाव गाळात रुतलीय का?"

दिवा लाल होता. काका उठले. "त्यापेक्षा ते टिकटिक करणारं यंत्र द्या ना मला."

"माणूस बुडेल तेव्हा तुम्ही यंत्र शोधत फिरणार का? गाणं डोक्यात असतं, काका. ते कुठंही सोबत येतं."

नवा नियम साधा होता. महिनाअखेरीस बाहेरून डॉक्टर येणार, परीक्षा घेणार. जो नापास होईल त्याची खुर्ची पाण्याकाठून उचलून लॉकरच्या किल्ल्या देण्याच्या खोलीत ठेवली जाणार. त्या खोलीला खिडकी नव्हती. तिथं पाण्याचा नुसता वास येई. एकतीस वर्षं पाण्यावर नजर ठेवलेल्या माणसाला वासावर दिवस काढायचे, या कल्पनेनं काकांना दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी सोफ्यावरची उशी जमिनीवर आडवी घातली आणि लेकीला स्टॉपवॉच घेऊन बसवलं. लेक वजनमापे खात्यात निरीक्षक होती. ती बाजारात शिरली की निम्मे तराजू आपोआप सरळ होत.

काकांनी गाणं म्हणत उशी दाबली. "चौऱ्याण्णव," लेक म्हणाली.

"ताल चुकला?"

"मुळीच नाही. गाणं अगदी बरोबर आहे." तिनं स्वतः गुणगुणत मांडीवर बोटं आपटली. पुन्हा चौऱ्याण्णव. मग स्वयंपाकघरातून काकूंना बोलावलं. काकू हात पुसत आल्या, त्यांनी डोळे मिटून म्हटलं. चौऱ्याण्णव.

"झालं तर," काका म्हणाले. "तिघंही सारखं म्हणतोय. म्हणजे पुतळाच बिघडलाय."

लेकीला मात्र ते पटलं नाही. एकाच दुकानातले तीन तराजू एकमेकांशी जुळले म्हणून ते खरे ठरत नाहीत, हे तिला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तिनं मोबाइलवर ते गाणं शोधून लावलं.

नाव वल्ह्यावर वल्हं मारत सुसाट निघाली.

"अगंबाई!" काकू म्हणाल्या. "गाण्याच्या मागं कुणी लागलंय का?"

"आई, आपण हे रेडिओवर कधी ऐकलं नाही का?"

"ऐकलंय की. पण रेडिओवाल्यांना बातम्यांची घाई असते. आणि हे आपलं नव्हेच. ही कोण बाई गातेय? आपलं तर त्या गायकाचं आहे."

'त्या गायकाचं' म्हणताना काकूंचा आवाज जरा मऊ झाला, आणि काकांनी नेहमीप्रमाणे छताकडे पाहिलं. तबकडीचं पाकीट केव्हाच हरवलं होतं. मधल्या कागदावर काकूंच्या भावानं लहानपणी शाई सांडली होती, त्यामुळे गायकाचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. पण त्याचा खोल, संथ, जरासा थकलेला आवाज काकूंनी माहेराहून सोबत आणला होता. लग्नानंतरची तीस वर्षं, गाणं संपलं की त्या एकच वाक्य म्हणत : "आवाज असावा तर असा." काका तेव्हा काहीतरी काम काढून दुसऱ्या खोलीत जात.

लेकीनं तबकडीच्या कडेला कागदाचा चिमुकला तुकडा चिकटवला, प्लेअर सुरू केला आणि तुकडा किती वेळा समोरून जातो ते मोजलं.

"अठ्ठावीस आणि थोडं. असायला हवं तेहतीस आणि थोडं. मिनिटाला पाच फेऱ्या कमी." तिनं कपाळाला हात लावला. "मी गावाचे तराजू तपासते आणि माझ्याच घरात शंभराला पंधराची घट! दुकानदार असता तर प्लेअर जप्त केला असता."

"तोंड सांभाळ," काकू म्हणाल्या. "माझ्या बाबांनी दिलेला आहे तो. त्यांनी उभ्या जन्मात कुणाला मापात मारलं नाही."

"आजोबांचा दोष नाही गं. आतला पट्टा सैल झाला असेल. पण तबकडी हळू फिरली की ताल मंदावतो आणि आवाजही खाली उतरतो. बाईचा बाप्या होतो."

काकूंनी तबकडीकडे बोट केलं.

"म्हणजे माझा गायक..."

"गायिका, आई."

काकू आत गेल्या. काका उशीवर बसले. परीक्षा, पुतळा, लॉकरची खोली सगळं क्षणभर विसरून ते म्हणाले, "तीस वर्षं! तीस वर्षं मी एका बाईवर जळत होतो?"

आता त्या घरातली सगळीच गाणी संशयित झाली. नाटकातलं ते पद, ज्यातली नायिका झोपेत गाते असं काकूंना वाटे, ती बहुधा जागी होती. रेडिओवर गाजलेलं उदास भावगीत बहुधा आनंदाचं होतं. पण लेकीच्या डोक्यात दुसरंच गणित चाललं होतं.

"बाबा, तुमच्या अंगात प्रत्येक गाणं पंधरा टक्के मंद बसलंय. मग आपण असं गाणं घेऊ जे मुळात फार जलद आहे. तुमच्याकडे येईपर्यंत ते बरोबर होईल."

त्यांनी सगळ्या तबकड्या जमिनीवर मांडल्या. शेवटी एक सापडलं. एका जुन्या सिनेमात विनोदी नट चोरीची सायकल घेऊन पळतो, मागं पोलीस लागतात, तेव्हाचं. मूळ वेग एकशे एकतीस. घरच्या प्लेअरवर एकशे अकरा. प्रत्येक कडव्याच्या शेवटी हॉर्न होता.

दुसऱ्या दिवशी काकांनी पुतळ्यावर सायकल घातली. दिवा हिरवा लागला आणि हिरवाच राहिला.

"वा, काका!" नर्सबाई म्हणाल्या. "फक्त ते मध्ये मध्ये 'पों' करता ते नको."

"पों काढला तर ताल जातो."

"उद्या खरा माणूस असेल. त्याचे नातेवाईक उभे असतील."

"तो वाचला तर पोंचं कुणी मनावर घेणार नाही."

इथंच थांबले असते तर गोष्ट इथंच संपली असती. पण तीस वर्षांचा हिशोब चुकता करायची संधी काकांना सोडवेना. त्यांना त्या बाईला तिच्या खऱ्या आवाजात, त्याच प्लेअरवर, काकूंच्या समोर गाताना ऐकायचं होतं. परीक्षेला चार दिवस असताना त्यांनी प्लेअर काखोटीला मारला आणि दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं पट्टा बदलला, तेल घातलं, आणि संध्याकाळपर्यंत प्लेअर तेहतीस आणि थोड्यावर आला.

काकांनी नावाड्याचं गाणं लावलं. बाई स्वच्छ, कणखर आवाजात गायली. काकूंनी पूर्ण ऐकलं. मग म्हणाल्या, "छान गाते," आणि काकांशी बोलणं बंद केलं.

अबोल्याच्या त्या घरात काकांना करण्यासारखं काहीच उरलं नाही. म्हणून ते दोन दिवस सायकलचं गाणं लावून उशी दाबत राहिले. दुरुस्त झालेल्या प्लेअरवर.

शेवटच्या सरावाला पुतळा लाल झाला.

"एकशे एकतीस!" नर्सबाई ओरडल्या. "काका, बरगड्या मोडतील!"

काकांनी सगळं सांगितल्यावर, त्या दिवशी सराव पाहायला आलेल्या लेकीनं डोळे मिटून घेतले. "बाबा, गाण्याचा वेग तुमच्या चुकीवर बेतला होता. तुम्ही चूकच दुरुस्त केलीत!" मग ती म्हणाली, "हरकत नाही. आता नावाड्याचं म्हणा. तेही आता बरोबर वेगात असणार."

काकांनी नावाड्याचं म्हटलं. ते तीस वर्षांचं होतं, दोन दिवसांत हलणारं नव्हतं. चौऱ्याण्णव.

"सायकल?"

एकशे एकतीस.

"नाव?"

चौऱ्याण्णव.

तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. काकांनी पुतळ्याच्या शेजारीच अंग टाकलं आणि छताकडे पाहू लागले. बांबू वाकून म्हणाला, "काका, दोघांपैकी आधी कुणाला वाचवू?"

परीक्षा तलावाच्या काठावर होती. बाहेरून आलेले डॉक्टर मितभाषी होते. त्यांच्या पुतळ्याला दिवा नव्हता. दोन मिनिटांनी एकूण दाबांचा आकडा कागदावर छापून येई, एवढंच. बाकावर लेक स्टॉपवॉच घट्ट धरून बसली होती. तिच्या शेजारी काकू होत्या. अबोला होता, पण आल्या होत्या.

"सुरू करा," डॉक्टर म्हणाले.

काकांनी नावाड्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला त्यांना आठवलं की हे हळू आहे. त्यांनी घाबरून सायकलवर उडी मारली. दोन ओळींनंतर बरगड्या आठवल्या, तसे ते परत नावेत आले. मग नाव रेंगाळतेय असं वाटून पुन्हा सायकल. घाम नाकावरून पुतळ्याच्या तोंडात पडू लागला. एकदा नावाड्यानं मध्येच पों केलं. एकदा सायकल नदीत गेली. दूर लॉकरच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आतला काळोख त्यांना दिसत होता. आपण कुठल्या गाण्यात आहोत हे शेवटच्या अर्ध्या मिनिटात त्यांना कळेनासं झालं.

नर्सबाईंनी डोळ्यांवर हात ठेवले होते.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. यंत्रातून कागद सरकला. त्यांनी चष्मा वर केला. "दोनशे पंचवीस. म्हणजे मिनिटाला एकशे बारा. अगदी मधोमध. अनुभवी हात दिसतोय."

लेक ताडकन उठली. चौऱ्याण्णव आणि एकशे एकतीस यांची सरासरी तिला डॉक्टरांच्या आधी कळली होती. दोन खोट्या मापांनी मिळून एक खरं माप दिलं होतं, आणि कायद्यात याला कुठलंही कलम नव्हतं. "पण डॉक्टर, हे तर..."

नर्सबाईंनी तिच्या पायावर पाय दिला. काकूंनी पदर ओढून तिला खाली बसवलं. डॉक्टरांनी सही केली.

घरी जाताना लेक म्हणाली, "सरासरीनं माणूस वाचत नाही, बाबा. त्याला प्रत्येक दाब वेळेवर लागतो. उद्यापासून रोज सकाळी नर्सबाईंचा पुतळा, माझं स्टॉपवॉच, आणि दिवा सलग हिरवा राहीपर्यंत सुट्टी नाही."

काकांनी मुकाट्यानं मान हलवली. पंधरा दिवस ते रोज दाबत राहिले. हळूहळू नाव आणि सायकल एकमेकांत मुरली आणि एक तिसरंच गाणं तयार झालं, जे कुठल्याही तबकडीवर नव्हतं. ते एकशे बाराला होतं. दिवा पहिल्या दाबापासून शेवटच्या दाबापर्यंत हिरवा राहिला, तेव्हा लेकीनं वहीत तारीख टाकून सही केली.

त्या दिवशी काका आनंदात घरी आले तर प्लेअर जागेवर नव्हता. तासाभरानं काकू दारातून आत आल्या. प्लेअर त्यांच्या काखेत होता.

"कुठं गेली होतीस?" काकांनी विचारलं.

"दुरुस्तीवाल्याकडे. म्हटलं, पाच फेऱ्या कमी करून दे. तर मेला मलाच विचारतो, बाई, लोक दुरुस्त करायला आणतात, तुम्ही बिघडवायला आणलात? मी म्हटलं, मी दुरुस्त करायलाच आणलाय. जुना पट्टा अजून त्याच्या डब्यात होता, नशीब."

अबोला धरल्यापासून त्या पहिल्यांदाच एवढं बोलल्या होत्या, म्हणून काकांनी प्लेअर मुकाट त्यांच्या काखेतून घेऊन जागेवर ठेवला. लेकीनं पिशवीतून स्टॉपवॉच काढलं, आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि परत पिशवीत टाकलं.

तबकडी फिरू लागली. कडेला चिकटवलेला कागदाचा तुकडा अजून तसाच होता आणि सावकाश, अगदी सावकाश समोरून जात होता. तो खोल, संथ, जरासा थकलेला आवाज खोलीत भरला. काकूंनी डोळे मिटले.

गाणं संपलं. "आवाज असावा तर असा," त्या म्हणाल्या.

"ती बाई आहे," काका म्हणाले.

"हो," काकू डोळे न उघडता म्हणाल्या.

काका उठले, खिळ्याला टांगलेली तलावाची शिट्टी उगाचच पुसायला घेतली, आणि दुसऱ्या खोलीत जाऊन पूर्वीसारखेच त्या बाईवर जळू लागले.