खिशातील कॅमेऱ्याने मातोश्रींचे मुख सर केल्याची कैफियत

घरातील थोर, धाकटे व पाहुणे म्हणोन येणारे तमाम आप्त यांस विदित व्हावे. दिवाणखान्याचे भिंतीवर मातोश्रींची तसबीर लागली ती इतकी लहान कां, आणि ती ऐसी धूसर कां, हा सवाल जो येतो तो करितो. आणि उत्तर देता देता घरचे लोक थकले. सबब जे घडले ते पदरचे काही न घालिता येथे लिहिले आहे. वाचणाराने उभ्याने वाचू नये. हकीकत लांब आहे.

पूर्वपीठिका ऐसी की, हिवाळा सरता सरता मातोश्री निवर्तल्या. आणि घरात जे आवाज नित्याचे होते, म्हणजे शिवणयंत्राचा, भांड्यांचा, आणि 'दार लावा, वारा येतोय' या हुकुमाचा, ते एकाएकी बंद पडले. मग आत्याबाई, म्हणजे तीर्थरूपांच्या धाकट्या भगिनी, यांचा खलिता दूरध्वनीवरून आला की, येत्या रविवारी सर्व आप्तमंडळी मातोश्रींची आठवण काढावयास जमतील, तरी भिंतीवर एक बरीशी तसबीर लावोन ठेवणे, यात कसूर न करणे.

तसबिरीचा शोध घेता दोन हाती लागल्या. पैकी एक लग्नातील, ती इतकी जुनी की तीमधील मुलगी घरच्या पोरांस परकी वाटे. दुसरी ओळखपत्रावरील, जीविषयी खुद्द मातोश्रींचे मत नोंदले आहे की, "हिला बघून दुकानदार गल्ला बंद करेल." तीर्थरूप हे भूगोलाचे मास्तर, हयातभर पोरांस नद्या आणि खिंडी शिकवोन निवृत्त जाहलेले, त्यांनी दोन्ही नामंजूर केल्या. थोरली कन्या आणि धाकटे चिरंजीव समोर बसले होते. त्यांजकडे न पाहता तीर्थरूप बोलिले, "तुमच्या आईचा चेहरा आठवायला गेलो की आधी हात येतो. हल्ली तर हातच येतो. मला चेहरा हवाय."

हाच हुकूम जाहला. यावर रदबदली नाही.

आता हात कोणता, हे कळावे म्हणोन कॅमेऱ्याचे कूळ सांगणे प्राप्त आहे. तीर्थरूप शाळेतून निवृत्त होतेसमयी सोबतच्या मास्तरांनी वर्गणी करोन एक डिजिटल कॅमेरा नजर केला. आकार साबणाच्या वडीएवढा, वर्ण चंदेरी, मनगटात अडकवावयास दोरी. गुण थोर होते. सदऱ्याचे खिशात मावे, सबब जेथे तीर्थरूप तेथे कॅमेरा, मग तो भाजीबाजार असो वा दाताचा दवाखाना. बटणे खरी होती, दाबली म्हणजे दाबल्याचे बोटास कळे; फोनाच्या काचेवर बोट घासोन नशिबाची वाट पाहणे नव्हते. भिंग खरोखर पुढे सरके, तेणेकरोन पलीकडील गच्चीवर बसलेल्या पाखराचे पीस न पीस जवळ येई. चिरंजीवांनी तेच आपल्या फोनावर करू जाता पाखराचे ढेकूळ जाहले. आणि ऐन मोक्यावर कोणाचा दूरध्वनी येऊन मनसुबा मोडत नसे, हा गुण तर लाखाचा.

दोषही तितकेच. उजेड किंचित उतरला की तसबिरीवर वाळू पसरे. झोत सोडावा तर माणसे पांढरीफटक पडत, डोळे तांबडे होत, आणि जन्मदिवसास जमलेले लोक चौकीत बसविल्यासारखे दिसत. उन्हात पाठीमागील पडदा काळा ठिक्कर, सबब तीर्थरूप अंदाजे नेम धरीत, आणि त्यांत पाहुण्यांची डोकी बहुत उडाली. परंतु घातक दोष ते दोनच. एक, चालू करिता भिंग बाहेर येई ते खर्रर्र ऐसा नाद करीत. म्हणजे छापा घालावयास निघालेल्या फौजेने आपणच आधी नगारा वाजवावा. आणि दुसरा, कळ दाबली तरी कॅमेरा क्षणभर विचार करी, आणि मग तसबीर घेई.

आणि मातोश्रींस तसबीर काढोन घेणे साफ नामंजूर. कारण पुसता म्हणत, "फोटोतली बाई माझ्याकडे बघून नावं ठेवते." नगारा कानी पडावा, आणि त्यांचा उजवा तळहात ढालीप्रमाणे मुखासमोर यावा, आणि कॅमेऱ्याचा विचार पुरा होईतो ढाल पक्की बसावी, ऐसा रिवाज पडला. चकमकीसमयी बोलणे होई ते येणेंप्रमाणे:

"अगं, एकच. हात काढ."

"तुम्ही कॅमेरा काढा तिथून, मी हात काढते."

"मग फोटो कसा निघणार?"

"तेच म्हणतेय मी."

ऐसी लढाई वर्षानुवर्षे चालिली. तीर्थरूप शिकस्त खात, आणि दुसरे दिवशी चहाची वेळ साधोन पुन्हा चालोन जात. पाहणारास वाटे की, उभयतांस तह नकोच आहे.

असो. हुकूम जाहला तेव्हा कॅमेरा कोटाचे खिशात सापडला, परंतु निपचित. त्याची बॅटरी त्याच्याच जातीच्या चार्जरावाचोन रसद घेत नसे, आणि चार्जर बेपत्ता. मग कपाटे उपसली, पलंगाखालील मुलूख धुंडाळिला, आणि चिरंजीवांनी साऱ्या घरातील वायरी आणोन मेजावर ओतल्या, आणि एकही लागू पडेना तेव्हा त्यांचा संताप अनावर जाहला.

"एवढ्या वायरी, आणि यातली एकही याला चालत नाही? कॅमेरा आहे का जावई?"

"जावयाला वाईट बोलू नकोस, तो आतल्या खोलीत झोपलाय," कन्या बोलिली.

"फोन असताना हे खेळणं कशाला सांभाळायचं, मला सांग."

"तुझ्या फोनात आई आहे?"

चिरंजीवांनी फोन काढोन पाहिला आणि परत खिशात घातला. त्यांचे फोनात मातोश्री होत्या त्या केकाचे पाठीमागे अर्ध्या, आणि आरशात पाठमोऱ्या. पुढे ते फोनाची बाजू घेऊन भांडले नाहीत.

अखेर चार्जर शिवणयंत्राचे खणात, रिळांचे तळाशी सापडला. वायर सुबक गुंडाळलेली, वर रंगीत फितीची गाठ. गनिमाने रसदेचा मार्गच तोडला होता. तीर्थरूपांनी गाठ पाहिली, आणि कितीएक गोष्टींचा उलगडा त्यांस तेथे उभ्या उभ्याच जाहला.

"दर दोन महिन्यांनी हरवायचा हा," ते बोलिले. "मी घर डोक्यावर घ्यायचो. मग तिलाच दया यायची. 'हा काय, इथेच तर होता,' म्हणून आणून द्यायची. आणि मी वेडा तिचे आभार मानायचो."

मग बॅटरीस रसद पोहोचली, आणि नगारा वाजला, आणि सवयीने तिघांनीही शिवणयंत्राकडे पाहिले.

कॅमेऱ्यातील चिमुकले कार्ड काढोन कन्येने संगणकास लाविले. दप्तर उघडले तो तळहातच तळहात. साबणाचा फेस लागलेला तळहात. खडूची रेघ उमटलेला. बोटास शिवणाचे टोपण चढविलेला. बागेतील मातीने भरलेला. आगगाडीचे खिडकीतील, मागे धावते शेत आणि पुढे हात. इस्पितळातील, ज्यास सुई टोचोन चिकटपट्टी लाविली होती, तोही त्याच इतमामाने वर उचललेला. हात कृश होत गेला हे एकामागोमाग एक पाहता कळे. चिरंजीवांनी उठोन खिडकी उघडली, आणि मग काही आठवोन परत लाविली.

दप्तर सरत आले, मुख कोठेच नाही, आणि मोहीम बुडाली ऐसे वाटू लागले, तेव्हा कन्येस दिसले की काही नोंदींवर तसबिरीऐवजी चित्रफितीची खूण आहे.

"बाबा, तुम्ही व्हिडिओ काढायचात?"

"मला कुठे येतो व्हिडिओ?"

"मग हे काय?"

खुलासा ऐसा की, कॅमेऱ्याचे माथ्यावर एक चाक होते, आणि ते खिशातील रुमालास घासोन आपोआप फिरे, हा त्याचा आणखी एक दोष. ऐसे जाहले म्हणजे कळ दाबिता तसबीर न निघता चलच्चित्र सुरू होई, आणि खटका न वाजे, आणि तीर्थरूप समजत की यंत्र बिघडले. मग ते दुसरी बटणे दाबीत, पुटपुटत, आणि हताश होऊन कॅमेरा खिशात घालीत. येणेंप्रमाणे पायातल्या चपला, खिशातील अंधार, आणि 'मेलं हे यंत्र' ऐसे उद्गार, यांची चित्रे बहुत निघाली होती. तिघांनी ती सर्व निष्ठेने पाहिली. आणि त्यांचे मध्येच एक निघाले, ते ऐसे:

मातोश्री शिवणयंत्रापाशी, मुखासमोर तळहात. तीर्थरूपांचा आवाज येतो, ते स्वतः दिसत नाहीत.

"हलू नकोस."

"झालं का?"

"थांब. वाजलं नाही."

"वाजलं नाही म्हणजे?"

"बिघडला बहुतेक."

तो हात खाली येऊ लागला. आधी एक डोळा, त्याने खातरजमा केली की शत्रूचे शस्त्र खरेच निकामी आहे, मग दुसरा, मग सगळे मुख. गालावर दोऱ्याचा तुकडा चिकटलेला. आणि बटणांशी झटणारे तीर्थरूप दिसताच मातोश्री हसल्या, कोणासाठी म्हणोन नव्हे, आणि बोलिल्या, "बरं झालं. आता तरी माणसासारखे बसा माझ्यासमोर."

मग चित्र कलंडले, आणि फरशी दिसू लागली.

तीर्थरूपांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाले, "परत लाव." परत लाविले. मग म्हणाले, "आता आवाज बंद करून लाव." तैसेही लाविले. त्यानंतर त्यांनी हुकूम फर्माविला की, यातील मुख भिंतीवर लावावे, पाहुण्यांस दाखवावे, आप्तांस वाटावे, हरकत नाही. परंतु आवाज कोणास पाठवू नये. चिरंजीवांचा अंगठा फोनावर तयार होता, तो त्यांनी उचलोन घेतला.

पुढील लढाई फ्रेमवाल्याचे दुकानी जाहली. कन्येने निवडलेले चित्र त्याने पडद्यावर मोठे केले, आणखी मोठे केले, आणि मातोश्रींचे चौकोन चौकोन जाहले तेव्हा मान हलविली.

"ताई, हा फोटो नाही, व्हिडिओतला तुकडा आहे. त्यात कॅमेरा छोटा, खोलीत उजेड नाही. मोठा केला की फुटणार. काका, तुमच्याकडे लग्नातला असेल ना? तो द्या. मस्त मोठा करतो, रंग भरतो, मागे निळं आकाश टाकतो."

"आकाश नको," तीर्थरूप बोलिले. "तिला वारा सोसत नाही."

फ्रेमवाल्याने कन्येकडे पाहिले. मग त्याने विचारिले की, गालावर दोरा आहे तो तरी पुसू का, फुकट पुसतो. तोही पुसू दिला नाही. मग केवढा करू, ऐसे विचारिता तीर्थरूपांनी फर्माविले की, जेवढा केल्याने ती फुटणार नाही तेवढा. तो आकार पोस्टकार्डाएवढा भरला.

रविवारी आप्तमंडळी जमली. आत्याबाई दारातूनच भिंतीकडे पाहोन कडाडल्या.

"दादा, अरे हे काय? फोटो लावलायस का तिकीट चिकटवलंयस? लोक काय म्हणतील?"

"जवळ जा," तीर्थरूप बोलिले.

"जवळ काय जा? फोटो लांबून दिसायला हवा. माझ्या सासूबाईंचा बघ, जिन्यातून दिसतो."

"म्हणून तर तुमच्याकडे कोणी जिना चढत नाही," चिरंजीव हळूच बोलिले, ते सर्वांस ऐकू गेले.

आत्याबाई त्यांजकडे डोळे वटारोन पुढे सरसावल्या, चष्मा कपाळावर चढविला, आणि नाक तसबिरीस लागेल इतक्या जवळ गेल्या, आणि तेथेच राहिल्या. पाठीमागील मंडळी खोळंबली. मग आत्याबाई न वळता बोलिल्या, आवाज दुसराच लागला होता, "वहिनी हसतेय रे. तुला कशी सापडली अशी?"

"मला नाही सापडली. मला वाटलं, मशीन बिघडलंय."

मग एकामागोमाग सर्व आप्त भिंतीपाशी गेले. तसबीर लहान, सबब दुरून मान हलवोन कोणास सुटता येईना; प्रत्येकास जवळ जाऊन मातोश्रींचे समोर एकट्याने उभे राहणे भाग पडले. काहींनी विचारिले, हे धूसर कां? त्यांस कळविले की, खोलीत उजेड कमी होता आणि कॅमेऱ्याचे भिंग शेंगदाण्याएवढे. त्यातून इतकेच येते.

येणेंप्रमाणे मोहीम तडीस गेली. हस्तगत जाहले ते: मुख एक, हसरे, दोऱ्यासहित. खर्ची पडले ते काही नाही. कॅमेऱ्याची कामगिरी तपासोन ऐसे ठरले की, त्याने हुकुमाप्रमाणे चालोन कधी यश दिले नाही, आणि बिघडल्याची बतावणी करोन एकदाच दिले. तरी त्यास बडतर्फ न करिता तीर्थरूपांचे खिशात पूर्ववत ठेवावे. फत्ते जाहली हे दप्तरी नोंदले. गनिमाचे बाजूने तक्रार काही आली नाही. ती यावी म्हणोन तीर्थरूप, सर्व मंडळी गेल्यावर, भिंतीसमोर बराच वेळ उभे होते.