केसोपंतांची नखं

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांना लिहिता-वाचता येत असे. त्यामुळे तिथे कुणी कुणाला नीटसं ओळखत नसे.

त्या जंगलात एक अस्वल राहत होतं. त्यांचं नाव केसोपंत. ते हाडवैद्य होते. माकड झाडावरून पडलं किंवा हरणाचा पाय खड्ड्यात अडकून मोडला, की लोक त्याला उचलून केसोपंतांच्या दगडाशी आणत. केसोपंत मोडलेली जागा चाचपत, "हलू नका" एवढंच म्हणत आणि एका झटक्यात हाड बसवत. मग लेप लावून बांबूच्या कामट्या बांधत. रोगी केकाटत असे. ती किंकाळी ओढ्यापलीकडे ऐकू जाई. दीड महिन्याने तोच रोगी उड्या मारत घरी जाई, पण उड्यांचा आवाज काही तितका लांब जात नाही.

केसोपंत तुसडे होते. अंग काळं, केस राठ, नखं लांब. हसले तरी समोरच्याला चावतील असं वाटे, म्हणून त्यांनी हसणंच सोडलं होतं.

त्याच जंगलात शशिकलाबाई राहत. त्या सशांच्या कुळातल्या. कथा लिहीत, बऱ्या लिहीत, पण अजून नाव झालं नव्हतं. एकदा उडी चुकली आणि त्यांचा मागचा डावा पाय मोडला. सशाचा मागचा पाय गेला म्हणजे ससाच गेला. केसोपंतांनी पाय बसवला. दीड महिना शशिकलाबाई त्यांच्या दगडाशेजारी पडून होत्या. पाय बांधलेला होता, पण डोकं मोकळं होतं. समोर दिवसभर ती नखं दिसत. तिथेच त्यांना कादंबरी सुचली.

कादंबरीचं नाव 'काळी नखं'. तिच्यात एक दुष्ट हाडवैद्य होता. तो दुबळ्यांची हाडं आधी स्वतःच मोडायचा, मग स्वतःच बांधायचा आणि वर उपकार मिरवायचा. दिसायला काळा, केसाळ आणि बोलायला तुसडा.

कादंबरी जंगलभर गाजली. जंगलातले मोठे समीक्षक म्हणजे प्राध्यापक कोल्हे. त्यांनी लिहिलं, की खलनायक इतका खरा उतरला आहे की वाचताना अंगावर काटा उभा राहतो. साळिंदराला त्यात विशेष वाटलं नाही, पण बाकीच्यांना पटलं. आणि खलनायक खरा आहे म्हटल्यावर तो कुठे राहतो, हे सगळ्यांना ठाऊकच होतं.

मग लोकांना आठवू लागलं. एका चितळाला आठवलं, की आपला पाय मुळात नुसता मुरगळला होता. मोडला असेल तो केसोपंतांकडे गेल्यावरच. एका वानराला आठवलं, की आपण फांदीवरून पडलो तेव्हा खाली काहीतरी काळं उभं होतं. ते झाडाचं खोड होतं, असं त्याची बायको म्हणाली. पण तिला वाङ्मयाची जाण नव्हती.

केसोपंतांकडे कुणी येईनासं झालं. एक भेकर मोडक्या पायाने तीन दिवस त्यांच्या समोरून खुरडत गेलं, पण दगडाकडे वळलं नाही. चौथ्या दिवशी केसोपंतांना राहवेना. ते उठून त्याच्यामागे गेले, तर ते जीव खाऊन पळालं आणि त्याचा पाय कायमचा गेला. केसोपंत त्याच्यामागे का धावले, याबद्दल जंगलात कुणाच्याही मनात शंका उरली नाही.

तेव्हा केसोपंतांनी ती कादंबरी मिळवली. दोन दिवस बसून वाचली. तिसऱ्या दिवशी दुपारी ते शशिकलाबाईंच्या बिळाशी गेले. बीळ लहान, म्हणून बाहेरच बसले.

"बाई," त्यांनी विचारलं, "हा मी आहे का?"

शशिकलाबाईंनी खरं ते सांगितलं. तो खलनायक म्हणजे त्यांचे सख्खे मामा, धवलमामा. शशिकलाबाईंच्या आईने माहेरच्या बिळात वाटा मागितला, तेव्हा मामांनी तिचा हात पिरगाळून मोडला. मग स्वतःच त्यावर फडकं गुंडाळलं आणि बहीण पडली, मी तिची सेवा करतो आहे, असं सांगत सगळीकडे फिरले. आई तो हात छातीशी धरूनच वर्षभर जगली आणि तशीच गेली. शशिकलाबाई तेव्हा एवढ्याशा होत्या, पण त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"मग मामाच लिहायचा होता," केसोपंत म्हणाले.

"लिहून पाहिला," शशिकलाबाई म्हणाल्या. "पांढरा, मऊ, गोड बोलणारा. माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं, पण कागदावर मलाच पटेना. मग त्याला तुमची कातडी चढवली. लगेच पटला."

केसोपंत आपल्या नखांकडे बघत राहिले. हे चारचौघांत सांगाल का, असं त्यांनी शेवटी विचारलं. शशिकलाबाई हो म्हणाल्या. त्या रडत होत्या. आणि त्यांनी शब्द पाळला, हेही सांगायला हवं.

पुढच्याच आठवड्यात त्यांचा सत्कार होता. अध्यक्षस्थानी धवलमामा होते. जंगलातल्या प्रत्येक सत्काराला तेच असत, कारण त्यांच्या पांढऱ्या गळ्यात हार खुलून दिसे. केसोपंत सगळ्यात मागे बसले होते. त्यांच्या पुढच्या तीन रांगा रिकाम्या होत्या.

शशिकलाबाई उभ्या राहिल्या. "माझ्या कादंबरीतला दुष्ट वैद्य केसोपंत नव्हे," त्या म्हणाल्या. "केसोपंतांनी माझा पाय वाचवला. तो दुष्ट माझा मामा आहे, आणि तो इथे माझ्या शेजारी बसला आहे."

सगळ्यांनी धवलमामांकडे पाहिलं. धवलमामांचे डोळे जन्मतःच लाल होते. लोकांना वाटलं, बिचारे रडले. मामा हळू आवाजात म्हणाले, की आईच्या जाण्याचं पोरीने फार मनाला लावून घेतलं आहे, तिला कुणी दोष देऊ नये. हे ऐकून पुष्कळांनी खरोखरच डोळे पुसले.

मग प्राध्यापक कोल्हे उठले. त्यांनी समजावून सांगितलं, की आपलं पात्र कुठून आलं हे लेखकाला कधीच ठाऊक नसतं, ते समीक्षकाला ठाऊक असतं. टाळ्या झाल्या. टाळ्या संपल्या तेव्हा मागची जागा रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी केसोपंत कामट्यांची मोळी पाठीला बांधून ओढ्याकडे निघाले. शशिकलाबाई त्यांच्यामागे पळत गेल्या. केसोपंत थांबले आणि त्यांनी बाईंच्या पायाकडे पाहिलं.

"डाव्या पायावर अजून भार टाकत नाही तुम्ही," ते म्हणाले. "टाका. हाड पक्कं आहे."

एवढं बोलून ते ओढा ओलांडून गेले.

शशिकलाबाईंनी दुसरी कादंबरी लिहिली. तिच्यात मामा होता तसा घातला, पांढराशुभ्र. ती कुणी वाचली नाही. प्राध्यापक कोल्ह्यांनी तेवढी वाचली आणि लिहिलं, की खलनायक अजिबात पटत नाही. लेखिकेने आयुष्यात ससे पाहिलेलेच दिसत नाहीत.

इकडे हाडं मोडायची थांबली नव्हती. लोकांनी आग्रह केला, म्हणून धवलमामा वैद्य झाले. ते हाड बसवत नसत, कारण त्याने दुखतं. ते नुसती फुंकर घालत, "माझं बाळ ते" म्हणत आणि पांढरं फडकं बांधत. आता कुणी केकाटत नसे. हात किती हलका, असं जो तो म्हणे. हाडं जशी मोडली तशीच जुळत.

दोन वर्षांत अर्धं जंगल लंगडू लागलं. प्राध्यापक कोल्हेही लंगडत. आपल्या समाजाच्या चालण्यात आता एक चिंतनशीलता आली आहे, असं त्यांनी एका लेखात म्हटलं. तेव्हापासून सरळ चालणाऱ्याकडे लोक संशयाने पाहू लागले. हा गुपचूप ओढ्यापलीकडे जाऊन आला असणार, असं म्हणू लागले.

शशिकलाबाई सरळ चालत. त्यांना आधी सत्कारांची बोलावणी बंद झाली, मग लग्नाची, मग मयताचीही. एके दिवशी त्यांनी बीळ बुजवलं आणि ओढा ओलांडला.

पलीकडे केसोपंतांच्या नव्या दगडाशी हल्ली पुष्कळ रोगी असतात. शशिकलाबाई आता लिहीत नाहीत. केसोपंत हाड बसवतात तेव्हा त्या रोग्याचा पंजा धरून बसतात, आणि तो केकाटू लागला तर केकाटू देतात.

इकडच्या जंगलात मात्र त्यांच्याबद्दल एकमत आहे. त्या पहिल्यापासूनच त्या अस्वलाला सामील होत्या, आणि आम्हाला हे आधीच वाटलं होतं, असं सगळे सांगतात. 'काळी नखं' आता तिथल्या शाळेत शिकवतात. लेखिकेचं नाव तेवढं गाळलं आहे.

तात्पर्य : दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, असं मोठी माणसं सांगतात. मुलांनो, त्यावर विश्वास ठेवू नका. जग फसत नाही. त्याला जे पटतं तेच ते पाहतं, आणि सुखाने राहतं. तेव्हा हाड मोडलं तर आधी वैद्याचा रंग पाहा, मग त्याचं बोलणं ऐका. हाडाचं काय, ते वाकडंही जुळतं.