मुकुयुनीची दुनळी

मोठे जनावर मारायचे तर आधी बंदुकीचा आकडा ठरवावा लागतो, आणि आकडा ठरेपर्यंत जनावराने कळ काढावी, अशी सुधारलेल्या जगाची रीत आहे. रानटी लोक आधी जनावराकडे बघतात. आम्ही झांबेझीच्या खोऱ्यातले लोक पूर्वी रानटीच होतो. मुकुयुनी वॉर्डाला वळण लागले ते दुनळी निवड समितीमुळे. त्या समितीचा मी चिटणीस होतो (मिशनच्या शाळेत सहावीपर्यंत शिकलो होतो आणि सभेत मला झोप लागत नसे, ही दोन्ही व्यंगे एकाच माणसात सापडणे कठीण), म्हणून हे सगळे अधिकाराने सांगतो.

आमच्याकडे एक हत्ती होता. सुळा एकच, उजवा कान फाटका. ज्वारी हुरड्याला आली की तो नदीकडच्या रानातून यायचा, शेताशेतांतून सावकाश फिरायचा, प्रत्येक ठिकाणी चार कणसे चाखायचा आणि कामात त्रुटी आढळल्यासारखा पुढे जायचा. म्हणून त्याला सगळे इन्स्पेक्टर म्हणत. पसंत होते ते एकच शेत, शोराईचे.

शोराई म्हणजे साऱ्या गावाची म्बुया, आजी. पदरात तीन नातवंडे, आणि गावाच्या टोकाला नदीकाठी ज्वारीचा एक तुकडा. दुसरे काही नाही. माळ्यावर बसून ती राखण करायची. हत्तीच्याच शेणात मिरची कालवून गोवऱ्या थापायच्या आणि त्या वाऱ्याच्या तोंडाला पेटवायच्या. "तुझंच तुला, घे!" असे ओरडायचे. चार शेजारी ढोल घेऊन साथीला असत. ही पद्धत फुकट होती, बऱ्यापैकी चालत होती आणि तिच्यात कुठलाही आकडा नव्हता. म्हणजे ती मागासलेली होती.

अशात एका थंड देशातल्या शिकारी मंडळाचे पत्र आले. आपल्या पिकांच्या रक्षणासाठी एक दुनळी बंदूक भेट देण्याची आमची इच्छा आहे; गावाची ही पहिलीच दुनळी असल्याने निवड आपणच करावी. सोबत अर्ज होता. नाव, गाव, जनावर, सगळे त्यांनीच छापले होते. रिकामा चौकोन एकच: आकडा.

आकडा म्हणजे नळीच्या भोकाची रुंदी, इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेली. (समितीतल्या कोणाला हे माहीत नव्हते. सभासद होण्यासाठी तशी अटही नव्हती. ट्रॉलिपसाहेबाला माहीत होते, म्हणून त्याला मत नव्हते, नुसता सल्ला होता.) हा ट्रॉलिप चाळीस वर्षे शिकारी होता. उजवा खांदा डाव्यापेक्षा तीन बोटे खाली गेलेला, आणि आमची भाषा स्वतःच्या भाषेपेक्षा बरी बोलायचा.

पहिल्याच सभेत अध्यक्ष काउन्सिलर ग्वातिझो उभे राहिले. "सहाशे! पलीकडच्या वॉर्डाकडे चारशे अठ्ठावन्न आहे. आपण पण चारशेतच लोळायचं का?"

"काउन्सिलर, सहाशेची बंदूक सात किलोची असते," ट्रॉलिप म्हणाला. "उचलणार कोण?"

"वॉर्डात हजार हात आहेत!"

"एका वेळी दोनच बसतात हो तिच्यावर. माझं ऐका, चारशे सत्तर घ्या. काडतुसं मिळतात, माणूस उभा राहतो, हत्ती पडतो. सहाशेत उलटं होतं."

दारूच्या दुकानाची मालकीण मुचानेता पाचशेला चिकटली, कारण गोल आकडा गिऱ्हाईकाला झिंगेतही उच्चारता येतो. निवृत्त सार्जंटने पाचशे सत्याहत्तर म्हटले, कारण ते कोणी म्हटले नव्हते. दवाखान्यातल्या मलमपट्टीवाल्याने चारशेवर जोर दिला. "खांदा निखळला तर माझ्याकडेच आणणार तुम्ही, आणि हात अडकवायची झोळी आहे एकच."

मागून शोराई उठली. "अरे बाबांनो, कुठल्याही भोकानं मारा त्याला. पण दाणा भरायच्या आत मारा."

"म्बुया, भावनेच्या भरात आकडा ठरत नाही," अध्यक्ष म्हणाले.

"मग कशाच्या भरात ठरतो रे? मुचानेताच्या मडक्याच्या?"

सदर सूचना तांत्रिक नसल्याने तिची नोंद घेण्यात आली नाही. (नोंद घेतली नाही, याची मात्र घेतली.)

पहिल्या वर्षी चौदा सभा झाल्या आणि शोराईची तिसरा हिस्सा ज्वारी गेली. दुसऱ्या वर्षी बावीस सभा, अर्धी ज्वारी. शेजारी ढोलकरी समितीत साक्षीला बसू लागले होते, त्यामुळे माळ्यावर ती बहुतेक एकटीच असे. सभा वाढतात तसे नुकसान वाढते, हे तिचाफा मास्तरांच्या प्रथम लक्षात आले. त्यांनी त्याचा सुबक आलेख काढून शाळेच्या भिंतीवर लावला. आलेखाला जिल्ह्यात बक्षीस मिळाले. कोंडी फोडली तीही मास्तरांनीच.

"भांडता कशाला? चारशे, चारशे सत्तर, पाचशे, पाचशे सत्याहत्तर, सहाशे. बेरीज दोन हजार पाचशे सत्तेचाळीस. भागिले पाच. पाचशे नऊ पूर्णांक चार!"

पाच माणसांचे पाच आकडे एका चौकोनात मावले होते, आणि वर दशांश चिन्हही आले होते. पलीकडच्या वॉर्डाच्या सात पिढ्यांत कोणाकडे दशांश चिन्ह नव्हते.

"अहो मास्तर, असली बंदूकच जगात नाही," ट्रॉलिप कळवळून म्हणाला.

"तेच तर! म्हणजे कोणावर अन्याय नाही."

ठराव एकमताने मंजूर. (विरोधात एक सल्ला.)

आम्हाला वाटले मंडळ हसेल. पण मंडळ गहिवरले. इतका स्वतंत्र विचार करणारे गाव आम्ही पाहिले नव्हते, असे त्यांनी कळवले आणि खास कारागीर बसवून ती दुनळी घडवून घेतली. त्यांच्या मासिकात म्हणे दोन तट पडले. सशापेक्षा मोठे जनावर ज्यांनी पाहिले नव्हते, अशा तेहतीस सभासदांनी पत्रे लिहून बजावले की रानम्हशीला पाचशे नऊ ठीक, पण हत्तीला वरचे पूर्णांक चार लागतातच.

तिसऱ्या वर्षी, ज्वारी हुरड्याला आली त्याच आठवड्यात पेटी आली. आक्रोडाचा दस्ता, त्यावर चांदीचा हत्ती, आणि मखमलीच्या खाचेत काडतुसे दोन. दोनच. या आकड्याची काडतुसे बाजारात नसल्याने ती हाताने बनवावी लागली, दुसरे पुरे होताच साचा फुटला, आणि कारागीर समाधानाने निवृत्त झाला, असे पत्रात होते.

शोराई पेटीशी येऊन उभी राहिली. "दोन आहेत ना? हत्ती एकच आहे. द्या ट्रॉलिपला."

"देता का?" ट्रॉलिप म्हणाला. "उद्या सकाळी नदीवर जातो. संध्याकाळी गावाला मटण."

मुकुयुनीच्या इतिहासात काम होण्याची वेळ एवढ्या जवळ पूर्वी कधी आली नव्हती. अध्यक्षांनी प्रसंग ओळखला.

"न तपासलेलं हत्यार माणसाच्या हातात? उद्या काही झालं तर? दुनळीच्या दोन्ही नळ्या एकमेकींकडे किंचित झुकवून डाकलेल्या असतात, साहेब, तुम्हीच सांगितलंत. पन्नास पावलांवर दोन्ही गोळ्या एका जागी पडायला हव्यात. पडतात की नाही, हे बघायला नको?"

"बघायला हवं," ट्रॉलिप पडेल आवाजात म्हणाला.

"एक नळी तपासून कळेल?"

"नाही. दोन्ही झाडाव्या लागतात."

"मग झालं तर! दोन नळ्या, दोन काडतुसं. मंडळानं किती बारकाईनं विचार केलाय बघा."

"आणि हत्तीला मग काय दाखवणार?" शोराईने विचारले. "ठराव?"

चाचणी शनिवारी दुपारी शाळेच्या मैदानावर झाली. हजेरी सक्तीची. गावातले झाडून सगळे ढोल मिरवणुकीसाठी जमा केलेले. मुख्य लाभार्थी म्हणून शोराईला पुढच्या रांगेत खुर्चीवर बसवले होते. मंडळाला फोटो पाठवायचा होता, आणि लाभार्थीविना फोटोला किंमत नसते. ती दोनदा उठली, दोनदा तिला बसवले. "म्बुया, हे सगळं तुझ्यासाठीच चाललंय ना!"

बंदूक अध्यक्षांनीच उडवली. त्यांनी एक चाप ओढला, पण दोन्ही नळ्या एकदम सुटल्या आणि ते मागे ठेवलेल्या मुचानेताच्या दारूच्या मडक्यात बसले. मलमपट्टीवाल्याने आपली एकमेव झोळी तिथेच वापरली. ट्रॉलिपने निशाण म्हणून ठरवलेल्या वारुळापर्यंत जाऊन माप घेतले. दोन्ही गोळ्या दोन बोटांच्या अंतरात. मैदान टाळ्यांनी दुमदुमले. मी आयुष्यात इतकी यशस्वी चाचणी पाहिलेली नाही, आणि इतिवृत्तात तसे लिहिलेही आहे.

इन्स्पेक्टर दिवसा येत नसे. त्या दिवशी मात्र माळ्यावर कोणी नव्हते आणि गोवऱ्या विझल्या होत्या. रिकाम्या माळ्याचा अर्थ त्याला आमच्या समितीपेक्षा चांगला कळत असावा. तो आला, आणि येताना दोन सहकारीही घेऊन आला. आम्ही मिरवत शोराईच्या शेतावर पोचलो तेव्हा तपासणी संपली होती. उरले होते ते पायांनी तुडवलेले.

शोराईने एक कणीस उचलले, तळव्यावर चोळले, फुंकर मारली. तळवा रिकामा.

"दोन्ही लागल्या म्हणे?" तिने मला विचारले.

"लागल्या, म्बुया."

"कशाला?"

"वारुळाला."

"वारूळ ज्वारी खायचं का रे?"

याची नोंद कुठे घ्यायची, ते मला सुचले नाही.

ही हकीकत मी आजवर पुष्कळांना सांगितली आहे. जिल्ह्याचे अधिकारी झाले, वार्ताहर झाले, त्या थंड देशातली मंडळीही मुद्दाम येऊन ऐकून गेली. शोराईने पुढच्या सुगीपर्यंत तीन नातवंडांच्या ताटात काय वाढले, हे कोणीही विचारले नाही. सगळे माना डोलवतात, चुकचुकतात, आणि मग जरा खाकरून एकच विचारतात: बरं, पण खरं म्हणजे कुठला आकडा घ्यायला हवा होता?

तुमच्याही तोंडात तोच प्रश्न आलेला दिसतो. लाजू नका.

चारशे सत्तर. झाले समाधान?