सामाईक चपलांचा आदेश

आमच्या गावच्या हमामात लोक ओल्या फरशीवर अनवाणी फिरतात, ही गंभीर बाब मार्चमध्ये माझ्या निदर्शनास आली. मी एसेनबाय, नारिन खोऱ्यातला आरोग्य निरीक्षक. गंभीर बाबी बावीस वर्षं माझ्याच निदर्शनास येतात. अशा फरशीवरून पायाची बुरशी पसरते. मी तत्काळ आदेश काढला: हमामाने रबरी चपलांचे बारा सामाईक जोड ठेवावेत, बाहेरच्या चपलांना मज्जाव.

"अरे, एकाचे ओले पाय निघाले की लगेच दुसऱ्याचे आत," हमाम चालवणाऱ्या साल्तानात एजे म्हणाल्या. मोठ्या बहिणीसारख्या बाईला आम्ही एजे म्हणतो, मग ती कितीही बरोबर बोलत असो. "ज्याच्या त्याने घरून आणल्या तर?"

"घरच्या चपलांची नोंद कशी ठेवणार, एजे?"

त्यांनी बारा जोड दाराशी मांडले. वाद मी जिंकला, आणि आदर्श म्हणून दर शनिवारी त्या बारांतलाच एक जोड घालू लागलो.

महिन्याभरात पायाच्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली.

"अहो, डॉक्टरीणबाईंना दाखवा," बायको कानिमेत म्हणाली.

"निरीक्षकाचंच नाव बुरशीच्या रजिस्टरात? लोक काय म्हणतील?"

"खाजतंय लोकांना की तुम्हाला?"

मी बाजारातून एक पांढरं मलम आणलं. चार दिवसांत खाज गेली. मलम थांबवलं तशी ती दुपटीने परतली. पोटरीवर, जांघेत लाल कडी उमटली. मी पुन्हा मलम लावलं. बैठकीत टेबलाखाली एका पायाने दुसरा खाजवण्यात इतकं प्रावीण्य आलं, की वरिष्ठांनी माझ्या एकाग्रतेची लेखी प्रशंसा केली.

मग आमच्या आठ महिन्यांच्या नातीच्या, आयझिरेकच्या गालावर नाण्याएवढं लाल कडं दिसलं. रोज संध्याकाळी ती माझ्याच मांडीवर असायची. दुसऱ्या दिवशी मी हात पुढे केले, तर सून म्हणाली, "झोपलीय ती, बाबा." तिच्या खांद्यावरून पोर टक्क डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती.

सकाळी दवाखाना उघडायच्या आधी मी दारात उभा होतो.

डॉक्टर अनारकुल यांनी पाय पाहिले, मग मलमाची नळी वाचली. "यात स्टेरॉइड आहे. खाज दबते आणि बुरशी आत फोफावते. फेकून दे हे. बुरशीचं औषध देते. बरं वाटलं तरी मी सांगेपर्यंत थांबवायचं नाही. बेचकी कोरडी ठेव. टॉवेल आपला, चपला आपल्या, मोजे रोज धुतलेले. आणि बाळाला आजच आण."

"एवढं साधं?"

"म्हणून तर कोणी आदेश काढत नाही." त्यांनी रजिस्टर ओढलं. "व्यवसाय?"

मी खाली पाहिलं. "मेंढपाळ."

त्यांनी माझ्या टायकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि लिहिलं. माझ्यामागे रांगेत आमच्याच कार्यालयातले पाच जण होते. तेही मेंढपाळच निघाले.

पंधरवड्यात वरून पत्र आलं: मेंढपाळांत बुरशीची साथ पसरली आहे, निरीक्षकाने कुरणांवर जाऊन प्रबोधन करावे. चार तास घोड्यावर बसून गेलो. ज्या अवयवांना विश्रांती हवी होती, नेमके तेच खोगिरावर होते. कुरणावर तासभर भाषण केलं आणि विचारलं, "कोणाला खाजतंय?" एकही हात वर झाला नाही. खरंच कोणाला खाजत नव्हतं.

"बूट काढून आत या, साहेब," म्हातारा झापारकुल म्हणाला. आढेवेढे घेतले, पण लोकरी नमद्याच्या तंबूत बूट घालून कोण शिरतं? माझे सालपटं निघालेले पाय पाहून तो कळवळला. "अरेरे! आजारी माणसाला हवापालटाला पाठवलंय आणि वर भाषण करायला लावलंय! बस पोरा, पाय उन्हात धर."

मी धरले. बावीस वर्षांच्या दौऱ्यांत मला दिलेली ती पहिली उपयुक्त सूचना होती.

अहवालात लिहिलं: प्रबोधनानंतर मेंढपाळांत एकही रुग्ण आढळला नाही. मला बढती मिळाली. नातीचा गाल स्वच्छ झाला. मला मात्र दोन महिने लागले, आणि त्यानंतरच सुनेने तिला माझ्या हातात दिलं. आदेश रद्द करायचा तर कारण लिहावं लागतं, म्हणून तो अजून लागू आहे. माझ्या चपला मी पिशवीत लपवून नेतो.

हसा खुशाल. फक्त एवढं आठवा, औषधाच्या दुकानात मागच्या वेळी ते मलम मागताना तुम्ही काय म्हणाला होतात? "मित्राला हवंय," असंच ना?