मयत शेषराव हजर आहेत

एका जंगलात कोणी मेलं की आधी रडारड व्हायची आणि मग मारामारी. मेलेल्याची ढोली कुणाची, गुहा कुणाची, यावरून सख्खा भाऊ भावाचे कान चावायचा.

म्हणून सिंहमहाराजांनी वारसा-न्यायालय काढलं. न्यायाधीश नेमले कासवराव. स्वतःचं घर पाठीवर, त्यामुळे दुसऱ्याच्या घराचा लोभ नाही. कारकून नेमली घोरपडबाई. ही एकदा धरलं की सोडत नाही, एवढीच तिची शिफारस होती. काम सोपं होतं. कोणी मेलं, तर त्याच्या मागे राहिलेलं कुणाला जाईल ते सांगायचं.

मुलांनो, टाळ्या वाजवा. सगळ्या जंगलाने वाजवल्या होत्या.

पण त्या साली पाऊसपाणी बरं झालं आणि फारसं कुणी मेलंच नाही. कासवराव जांभया देऊ लागले. घोरपडबाईचे हात शिवशिवू लागले. तेवढ्यात एका पालीने शेपूट टाकलं. घोरपडबाईने ते वळवळतं शेपूट उचललं आणि धावतच आत आली.

"साहेब, पाल अंशतः वारली!"

कासवरावांनी बऱ्याच दिवसांनी मान बाहेर काढली. "वारस कोण?"

झालं! त्या दिवसापासून 'अंशतः मयत' हे नवं खातं सुरू झालं. सांबराची शिंगं गळली, सांबर अंशतः मयत. मोराची पिसं झडली, मोर अंशतः मयत. वाघाच्या बछड्याचा दुधाचा दात पडला, तर हक्क सांगायला तीन मावश्या हजर!

हे सगळं ऐकून गडाबडा लोळत हसायचे ते शेषराव नाग. शेषराव एका ऐसपैस वारुळात राहायचे. ते बांधलं होतं मुंग्यांनी. मुंग्या तक्रार घेऊन आल्या की शेषराव नुसता फणा काढायचे, मुंग्या परत जायच्या. त्या बिळावर त्यांचा फार जीव होता. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार, आणि वेटोळं घालायला अगदी मापाची जागा. दुसरीकडे त्यांना झोपच लागत नसे.

आणि एके दिवशी शेषरावांनी कात टाकली. नाकापासून शेपटीपर्यंत, अखंड.

घोरपडबाई ती कात काठीवर घेऊन न्यायालयात नाचत शिरली. "साहेब, हा पूर्ण मयत!"

दुपारपर्यंत बिळाला सील लागलं.

शेषराव फणफणत आले. "अहो, मी जिवंत आहे! हा काय तुमच्यासमोर उभा!"

"मयताने मध्ये बोलू नये," कासवराव म्हणाले. "आणि तुम्ही मयत नसाल, तर मयताचे कोण?"

"तो मीच की हो!"

"म्हणजे फारच जवळचं नातं. अर्ज करा."

शेषरावांनी अर्ज केला, की शेषरावांचा वारस शेषराव. मग हरकती मागवल्या. मुंगूस आलं नि म्हणालं, "आमच्या घराण्याचे मयताशी पिढ्यान्‌पिढ्यांचे संबंध." पुढे मयताला जवळून ओळखणारे दोन साक्षीदार हवे झाले. पण ज्या बेडकांनी आणि उंदरांनी शेषरावांना जवळून पाहिलं होतं, त्यांतलं साक्षीला कोणीच उरलं नव्हतं. शेवटी दोन ससे आले. ते झाडामागूनच म्हणाले, "हेच ते. आता जाऊ?"

तोवर बिळाची देखभाल कोणी करायची? न्यायालयाने. आधी कागद आत गेले, मग घोरपडबाई गेली, मग कासवरावही सरकत सरकत गेले. शेषराव बाहेर निवडुंगाखाली पडून राहायचे आणि बिळाकडे बघत उसासे टाकायचे.

निकालाचा दिवस उजाडला. आणि त्याच सकाळी शेषरावांचे डोळे दुधाळ झाले. नाक खाजू लागलं. अंग ताठ झालं. त्यांनी ओळखलं, पुन्हा कात टाकायची वेळ आली होती.

"आज नको गं बाई," ते आपल्या कातीला म्हणाले. "एवढा दिवस धर." त्यांनी गळ्याभोवती वेल गुंडाळून घट्ट गाठ मारली.

निकाल एक्केचाळीस पानांचा होता. वाचणारं कासव. दहाव्या पानावर ओठापाशी कात सुटली. शेषराव हलले नाहीत. तिसाव्या पानावर डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी श्वास रोखला. एक्केचाळिसावं पान आलं.

"सबब, सदर बीळ..." कासवराव वाचत होते.

एक मुंगी शेषरावांच्या नाकावर चढली. तिला काही बोलायचं नव्हतं. ती फक्त इकडून तिकडे चालली, आणि तिकडून इकडे.

"...शेषराव यांस कायमचे..."

शेषराव शिंकले. वेल तुटली. कात सळसळत जमिनीवर पडली.

"अरेरे!" कासवराव म्हणाले. "बिचारे! निकाल ऐकण्यापुरते जगले." आणि त्यांनी कोरा कागद पुढे ओढला. "वारस कोण?"

घोरपडबाईने कात उचललीसुद्धा होती.

शेषराव बाहेर आले. नवं अंग उन्हात नुसतं चकाकत होतं, पण ते कुठे ठेवावं हे त्यांना कळेना. वारुळाच्या कडेने मुंग्या चालल्या होत्या. शेषरावांनी जन्मात पहिल्यांदा त्यांच्यापुढे फणा खाली केला.

"बाई, मी आत होतो तेव्हा इतकी वर्षं तुम्ही कुठे राहत होतात हो?"

"रांगेत," मुंगी म्हणाली. "या, मागे उभे राहा."

तात्पर्य: दुसऱ्याच्या बिळात शिरायचं असेल तर फणा नेऊ नये, शिक्का न्यावा.