बाळू गवळ्याचा कान

आमच्या गल्लीतला बाळू गवळी माणसाकडं बघून बोलत न्हाय, कान पुढं करून बोलतो. दारात चप्पल वाजली की आतनंच म्हणणार, "तात्या, उजवा गुडघा दुखतोय न्हवं? पाय घासाय लागलाय." लगीन केलं न्हाय. घरात चार म्हशी आन् एक फटफटी. दिवाळी पाडव्याला शिंगं रंगवून म्हशी फटफटीमागं पळवाय भाईर काढतो. रस्त्यावर ढीगभर फटफट्या बोंबलत असत्यात, पर त्याच्या म्हशी त्याच्याच फटफटीमागनं पळत्यात. म्हशींचा कान धन्यावर गेलाय का धन्याचा म्हशींवर, मला अजून कळलं न्हाय.

माझी बायको हौसा म्हातारपणी विसराय लागली. दार उघडं दिसलं की कोडोलीला आईकडं निघायची. आई कवाच गेलेली. दोनदा एस्टी स्टँडवर गावली. एकदा अंधार पडला तरी गावंना, तवा मी रस्त्यातच फतकल मारून रडलो.

बाळू म्हणाला, "म्हस हुडकाय आपण काय करतो? घंटा बांधतो."

"माझ्या बायकोला घंटा बांधतोस व्हय रं?"

"गप बसा की तात्या. ऐकून तर घ्या."

त्यानं आपला जुना मोबाईल आणला. रिंग बंद केली. त्यात कानात घालायची वायर खुपसली की फोन आपसूक उचलायचा आन् तिथला आवाज हिकडं यायचा. कापडी पिशवीत घालून हौसाच्या गळ्यात अडकवला. तिला वाटलं, देव हाय. रोज हळदकुंकू लावायची.

एका दुपारी माझा डोळा लागला आन् हौसा न्हाय. बाळूनं फोन लावला, डोळं मिटलं. "गप बसा की. ऐकू द्या." नुसती खडखड. "यंत्रमाग हाय, तात्या. वैनी वडापच्या जीपात बसून कबनूरला गेल्या."

मला फटफटीवर मागं घेतलं आन् सुटला. कबनूरला गल्लोगल्ली मागांची खडखड. हौसा कुठंच न्हाय. बाळूनं घाम पुसून परत फोन लावला. यावेळी मीबी कान लावला. खडखडीत एक बाई भांडत हुती, "बाजरीवर माझं गहू घालू नगासा, सांगून ठेवते."

बाळूचं तोंड पडलं. ती आमच्या शेजारची शांता. माग न्हवं ते, आमच्याच कोपऱ्यावरची पिठाची गिरण.

परत आलो तर हौसा गिरणीत कुणाच्या तरी डब्यावर बसलेली, भुवया पिठानं पांढऱ्या.

"कुठं गेलतासा दोघं? मी कवाची नंबर धरून बसलीया."

"कबनूरला, वैनी," बाळू म्हणाला. "म्हस बघाय."

श्रावणात हौसा गेली. तेरावा झाल्यावर मी फोन परत द्यायला गेलो. पिशवीवर तिचं कुंकू तसंच. बाळूनं हात पुढं केला न्हाय. म्हणाला, "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. चार्जिंग तेवढं करत जावा."

आता तिन्हीसांजंला त्याची धार काढून झाली की फोनचा दिवा लागतो. फोन आपसूक उचलतो. तिकडं बाळू कान लावून बसलेला असतो. मी च्या ओततो, आन् कपबशी जरा जोरात ठेवतो.